आतलं कारण

सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या ऑफिसात केक कापत होते तेव्हा ताईचा फोन आला. केक कशाचा, तर सलग सहा महिने चारही टीमच्या नावावर एकही चूक नाही, याचा. आमच्याकडे भिंतीवर एक मोठा बोर्ड आहे. त्यावर चार टीमचे चार रकाने, आणि त्या महिन्यात आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणामुळे किती बिघाड झाले त्यांचे आकडे. चारही रकान्यांत हिरव्या शाईत शून्य. पाचवा रकाना 'वापरकर्ता' असा होता. त्यात तीन हजार आठशे काहीतरी लिहिलेलं होतं, पण त्या रकान्याला टीम नव्हती, त्यामुळे तिकडे कुणी बघत नसे. मीही बघत नव्हते, माझ्या हातात केकची बशी होती.

"कामात आहेस का गं?" ताई म्हणाली. मोठी असून ती माझ्याशी नेहमी अशी बिचकत बोलते. "गुरुवारी अकरा वाजता माझी चौकशी आहे."

ताई एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. पेशंटचं रक्त मशीनला लावायचं आणि निकाल वॉर्डात गेला का बघायचं, हे तिचं काम. मशीनपासून वॉर्डापर्यंत निकाल नेतं ते सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या पेशंटच्या पोटॅशियमचा रिपोर्ट दीड तास उशिरा गेला. पेशंटला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. वाचला बिचारा, पण त्याच्या मुलानं तक्रार केली आणि चूक ताईच्या नावावर पडली. वर्षभरातली दोनशे चौदावी.

"दोनशे चौदा?" मी म्हणाले.

"हो ना गं. लॅबच्या सरांनी महिन्या-महिन्याचा कागदच पुढे ठेवला. ते म्हणाले, चूक कबूल करून राजीनामा दिला तर मिटवता येईल. नाहीतर बडतर्फी होईल आणि परवाना जाईल. मग कुठल्याच लॅबमध्ये काम करता येणार नाही." मग तीच म्हणाली, "मी कबुलीच लिहून देते. झालीच असणार ना चूक."

तो 'झालीच असणार' ऐकून मला ताईचाच राग आला, हे मी लपवत नाही. आमच्या घरात ताई वेंधळी आणि मी तापट हे लहानपणापासून ठरलेलं आहे. ती दूध उतू घालवणार आणि मी आरडाओरडा करणार. चार वर्षांपूर्वी त्यांच्या लॅबमध्ये आमचं सॉफ्टवेअर बसलं आणि साधारण वर्षभरानं ती मला म्हणायला लागली, "अगं, तुमचं ते सारखं माझी चूक दाखवतं." मी तिला दरवेळी झटकून टाकलं. स्क्रीनवर काय लिहिलंय ते शांतपणे वाचत जा, घाई करू नकोस, असला शहाणपणा शिकवला. एकदाही उठून लॅबमध्ये जाऊन बघितलं नाही. जायला बसनं वीस मिनिटं लागतात.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी थेट तिच्या घरी गेले. दार भाऊजींनी उघडलं. ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून गॅसच्या बटणाकडे बघत होती.

"तिसऱ्यांदा बघतेय," भाऊजी हळूच म्हणाले. "मागच्या आठवड्यात मला बसस्टॉपवरून परत पाठवलं, कुलूप लावलंय का बघायला. लावलेलं होतं."

ताईनं चहा टाकला. साखर घातली, चमचा खाली ठेवला, आणि मला विचारलं, "घातली ना मी साखर? तू बघितलंस ना?"

मग तिनं कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. शंभर पानी साधी वही, रेघा मारून नीट आखलेली. तीन वर्षं तिनं आपल्या चुका त्यात लिहिल्या होत्या. डाव्या बाजूला तारीख आणि वेळ, उजव्या बाजूला चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तरी चूक. अर्धा तास आधी पोचले, तरी चूक. दुपारचा चहा बंद केला, झोप येत असेल म्हणून. मोबाईल कपाटात ठेवायला लागले. नमुन्यावरचं नाव मोठ्यानं वाचते, बाकीच्या हसतात. डॉक्टरांकडून स्मरणशक्तीच्या गोळ्या घेतल्या.

"कसल्या गोळ्या?" मी विचारलं.

"विसरायला होतं ना मला," ताई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ एकेक."

मी पानं उलटत राहिले, कारण वर बघायची हिंमत नव्हती. आणि उलटता उलटता एका ओळीशी थांबले. 'आज मी मशीनला हातसुद्धा लावला नव्हता. नमुना आत गेला होता, मी खुर्चीत बसले होते. तरी माझी चूक आली.' वेळ एक वाजून एकेचाळीस. मी मागची पानं बघितली, पुढची बघितली. एक चाळीस. एक त्रेचाळीस. एक एकेचाळीस. एखाददुसरी नोंद सोडली तर सगळ्या चुका दुपारी एक चाळीस ते पावणेदोनच्या मध्ये झालेल्या.

"ताई, एक चाळीसच्या आधी तुम्ही काय करता?"

"एक ते एक चाळीस जेवायची सुट्टी असते. मशीन रिकामंच असतं. आल्यावर पहिला नमुना मी लावते, दुपारची पाळी माझी आहे ना."

पंधरा वर्षं प्रोग्राम लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. बाई जेवून आल्यावरच वेंधळी होत असेल, तर बिघाड बाईत नाही. मी वही मागून घेतली आणि तिला म्हणाले, "काहीही लिहून द्यायचं नाही. माझी शपथ आहे तुला." तिनं मान हलवली, पण तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. माझा तिच्यावर कुठे होता इतके दिवस!

मंगळवारी सकाळी मी आमचाच कोड उघडून बसले. इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण सगळी गोम त्यातच आहे. प्रोग्राम चालता चालता कुठे अडला, की तो भाग एक एरर वर फेकतो. वरचा भाग ती झेलतो. त्याला तोडगा माहीत असला तर तो करतो, नसला तर आणखी वर फेकतो. फेकण्यापूर्वी तो तिला आपल्या भाषेतल्या एररमध्ये गुंडाळतो. म्हणजे खालचा म्हणतो 'लाइन तुटली', वरचा म्हणतो 'निकाल मिळाला नाही', त्याच्या वरचा म्हणतो 'रिपोर्ट तयार झाला नाही'. यात गैर काही नाही, काम करायची ही चांगली रीत आहे. फक्त गुंडाळताना मूळची एरर आत तशीच ठेवायची असते. पाकिटात पाकीट घालत गेलात तरी सगळ्यांत आत पहिली चिठ्ठी राहिली पाहिजे. ती असली की कधीही उघडून बघता येतं, की मुळात कुठे काय बिनसलं.

आमच्याकडे ती चिठ्ठी नव्हती. प्रत्येक थरानं खालचं पाकीट घेतलं, ते टाकून दिलं आणि कोऱ्या पाकिटात फक्त आपलं वाक्य घातलं.

हे गाढवपणानं झालं असतं तर मी एवढी चिडले नसते. हे हुशारीनं झालं होतं. त्या भिंतीवरच्या बोर्डाचे आकडे एक छोटा प्रोग्राम काढतो. तो प्रत्येक एररच्या अगदी आत शिरतो, मूळ चिठ्ठी कुठल्या टीमची आहे बघतो आणि तिच्या नावावर एक लावतो. आत चिठ्ठीच नसेल तर? तर कुणाच्या नावावर लावायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. आणि जे ठरवलेलं नसतं त्याला प्रोग्राम यादीतलं पहिलं नाव देतो. बोर्डावर पाचवा असला तरी प्रोग्रामच्या यादीत पहिलं नाव 'वापरकर्ता' होतं. त्यापुढचं तर विचारूच नका. कारण सापडलं नाही की ती वापरकर्त्याची चूक, आणि वापरकर्त्याची चूक म्हटल्यावर स्क्रीनवर आपोआप ठरलेलं वाक्य यायचं: 'आपल्याकडून चूक झाली आहे. नवीन नमुना घ्या.'

आतलं पाकीट टाकून दिलं की आपला रकाना हिरवा राहतो, हे कुणी कुणाला शिकवलं नाही. सगळे आपापले शिकले. मशीनशी बोलणारा पहिला थर नीट फेकत होता. दुसऱ्या थरानं आतलं कारण टाकलं होतं. चौथ्यानंही. आणि तिसरा थर माझ्या टीमचा होता. ती ओळ मी स्वतः लिहिली होती, तीन वर्षं आठ महिन्यांपूर्वी, एका शुक्रवारी. लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

पण शिव्यांनी ताई सुटणार नव्हती. कोड वाचून 'असं झालं असेल' एवढंच म्हणता येत होतं. त्या दुपारी नेमकं काय झालं याचा पुरावा आम्हीच टाकून दिला होता. मी पहिल्या थरावर काम करणाऱ्या वायरमनकडे गेले. सगळे त्यांना वायरमनच म्हणतात, कारण त्यांच्या टेबलावर वायरींचं जंगल असतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कमी बोलणारा माणूस.

"लॅबच्या कॉम्प्युटरवर मी माझी वेगळी फाइल ठेवतो," ते म्हणाले. "एरर वर फेकायच्या आधी तिच्यात लिहून ठेवतो. तीस दिवसांची असते, जुनं आपोआप पुसलं जातं."

"का ठेवता?"

"तुमच्यावर भरवसा नाही म्हणून."

"म्हणजे वर आम्ही काय करतो ते तुम्हाला माहीत होतं?"

"मी माझ्याकडून नीट फेकतो. पुढे तुम्ही झेलता का सांडता, ते मी कशाला बघू?"

"तुमच्याही रकान्यात शून्य आहे, वायरमन. कालचा केक तुम्हीही खाल्लात."

 त्यांनी बॅग उचलली, मशीनच्या तपासणीचं काम काढून हॉस्पिटलला गेले आणि चार वाजता फाइल आणून माझ्या हातात दिली. एवढं मात्र त्यांनी केलं.

फाइलमध्ये तीस दिवसांत ताईच्या पाळीतल्या एकोणीस चुका होत्या. सतरा ठिकाणी एकच कारण: चाळीस मिनिटं काही हालचाल नाही म्हणून आमच्या सर्व्हरनं लाइन तोडून टाकली, आणि मशीननं निकाल पाठवला तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. त्या म्हाताऱ्या पेशंटची नोंदही त्यातलीच, एक वाजून बेचाळीस मिनिटं. पोटॅशियमचा आकडा मशीनमध्ये तयार होऊन बसलेला होता. मशीनच्या स्क्रीनवरून आकडा वाचून वॉर्डाला कळवायची लॅबमध्ये बंदी आहे, आणि आमचं सॉफ्टवेअर सांगत होतं की आपल्याकडून चूक झाली आहे, नवीन नमुना घ्या. ताईनं मुकाट्यानं नवीन नमुना मागवला. म्हाताऱ्याची शीर सापडेना. दीड तास तिथे गेला. उरलेल्या दोन चुका खरंच ताईच्या होत्या, नमुन्यावरची नावाची पट्टी तिरकी लागली होती. एवढी वेंधळी ती आहेच.

बुधवारी सकाळी मी कागद घेऊन गुरुजींच्या केबिनमध्ये गेले. गुरुजी आमचे सगळ्यांत वरिष्ठ. नव्यांना शिकवतात, कधी आवाज चढवत नाहीत, सगळ्यांना 'बाळा' म्हणतात. बोर्डाची कल्पना त्यांची. त्यांनी सगळे कागद मन लावून वाचले.

"छान शोधलंस," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाक. बदलांच्या यादीत 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिही."

"आणि लोकांना कधी सांगायचं?"

"कुठल्या लोकांना?"

"गुरुजी, आपण दर महिन्याला हॉस्पिटलांना कर्मचाऱ्यांच्या चुकांचा अहवाल पाठवतो. पाचव्या रकान्यातले आकडे, नावानिशी. तो अहवाल आपण जाहिरात करून विकलाय. त्यावर माणसांना कामावरून काढतायत."

"आपण आकडे देतो. निर्णय ते घेतात."

"आकडे खोटे आहेत!"

"खोटे नाहीत, अपुरे आहेत. शांत हो बाळा. तू या फाइली घेऊन चौकशीत गेलीस, तर तुझी नोकरी जाईल. धमकी नाही देत मी, नियम सांगतोय."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या ताईनं तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि हा गृहस्थ पेनाच्या टोपणाची उघडझाप करत मला अपुरं आणि खोटं यातला फरक शिकवत होता. मी त्यांना म्हणाले, "तुमच्या त्या बोर्डावर सहावा रकाना काढा आणि त्यात माझं नाव लिहा." दार आपटलं. आपटायला नको होतं, काच होती त्याला, पण फुटली नाही.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना मी हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले. ताई बाकावर बसली होती, इस्त्रीच्या साडीत, मांडीवर एक कागद. कबुलीच होती ती. माझी शपथ घालून काही उपयोग झाला नव्हता. मी तो कागद तिच्या हातातून ओढून घेतला आणि तिच्याबरोबर आत शिरले.

आत लांब टेबलामागे तिघं होते: लॅबचे प्रमुख, प्रशासनाच्या अधिकारी बाई आणि त्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई. अधिकारी बाईंनी मला विचारलं, "आपण कंपनीतर्फे आलात का?"

"नाही. मी हिची बहीण. पण जिथे हे कारण हरवलं त्यातली एक ओळ माझी आहे, म्हणून मला सांगता येईल."

मी वीस मिनिटं बोलले. सतरा नोंदी एकेक करून दाखवल्या, ताईच्या वहीतल्या वेळा शेजारी ठेवून. लॅबप्रमुख म्हणाले, हे फार तांत्रिक आहे. मी म्हणाले, यात तांत्रिक काय आहे, तुमची बाई रोज जेवून आल्यावरच चुकते, बाकी दिवसभर नाही, हे बघायला कॉम्प्युटर शिकावा लागतो का? तुम्ही महिन्याला सही करता त्या अहवालात चुकीसमोर वेळ छापलेली असते. आवाज चढला होता माझा. ताई मागून माझ्या ओढणीला हिसके देत होती.

डॉक्टरीणबाईंनी एक वाजून बेचाळीसची नोंद दोनदा वाचली. मग त्या ताईकडे न बघता म्हणाल्या, "म्हणजे निकाल इथेच पडून होता, आणि मी त्या म्हाताऱ्या माणसाला पाच ठिकाणी टोचलं."

अधिकारी बाईंनी ताईवरचे आरोप मागे घेत असल्याचं तिथेच लिहून घेतलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लॅबप्रमुखांना सरळ विचारलं, "या अहवालावरून याआधी कुणाला काढलंय?"

लॅबप्रमुख कागद चाळायला लागले. उत्तर ताईनं दिलं.

"एकीला काढलंय. तीन वर्षांपूर्वी. माझ्याआधी दुपारची पाळी त्यांची होती." ताईचा चेहरा पांढरा पडला होता. "आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो त्यांना. मला रक्त काढायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या चौकशीत साक्षीदार मी होते. त्या निष्काळजीपणा करतात, असं मी लिहून दिलंय."

मला त्यांच्याबद्दल एक अक्षर माहीत नव्हतं. तीन वर्षं ताई रोज त्या बाईच्या खुर्चीत बसत होती, आणि त्या बाईच्या नावावर पडायच्या त्याच चुका आपल्या म्हणून वहीत उतरवून घेत होती.

अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. "त्यांची नोंद काढता येईल?"

"नाही," मी म्हणाले. "मूळ फाइल तीस दिवसच राहते. आणि आमच्याकडे असायला हवं होतं ते आम्ही टाकून दिलं."

"मग त्यांची चूक नव्हती असं सिद्ध नाही करता येणार."

"नाही येणार."

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, ताई रडेल, मला मिठी मारेल, निदान पाणी तरी पिईल. तिनं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "चल."

"घरी?"

"त्यांच्याकडे."

मास्तरीणबाईंचं घर जवळच होतं, तिसऱ्या मजल्यावर. ताई जिना भराभर चढली. दार उघडलं ते ठेंगण्या, केस बारीक कापलेल्या एका बाईनं. गळ्यात मोजायची टेप होती आणि आत शिलाई मशीनवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट. तिनं ताईला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

ताई दारातच एका दमात बोलली. लाइन कशी तुटते, चाळीस मिनिटं, पहिला नमुना, आमची कंपनी, आजची चौकशी, सगळं. शेवटी म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमची चूक नव्हती हो."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे, आजचं आधीच कळलं तुम्हाला?"

"तेव्हाच माहीत होतं. जेवणानंतरचा पहिला नमुना मशीन गिळतं, असं मी तुला तेव्हा दहा वेळा सांगितलं असेल. चौकशीत बोलले. तुमच्या कंपनीला," त्यांनी माझ्याकडे हनुवटी उडवली, "तीन पत्रं पाठवली. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, आपल्याकडून चूक झाली आहे."

"मी नाही ऐकलं तुमचं," ताई म्हणाली. "सकाळच्या पाळीत माझ्या नावावर काहीच यायचं नाही. मला वाटायचं, मी नीट काम करते म्हणून."

"तेही माहीत होतं मला."

मी मध्ये तोंड घातलं. त्यांची नोंद राहिलेली नाही, पुराव्यानिशी सांगता येणार नाही, पण सगळं तेच झालं असणार, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग त्या आत गेल्या आणि दोन कोरे कागद आणि एक पेन घेऊन आल्या.

"मला काढलं तेव्हा माझ्यासाठीही पुरावा शोधला नव्हता कुणी," त्या म्हणाल्या. "हिनं सही केली आणि झालं. आता मला सांगितलंत ते लिहा. दोघींनी. तारीख घाला. खाली पूर्ण नाव, आणि तुम्ही कुठे काम करता तेही."

ताई जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं लिहायला सुरुवात केली. माझ्या मनात कंपनीचे वकील येऊन गेले, गुरुजी येऊन गेले, अपुरं आणि खोटं येऊन गेलं. मग ताईचं पान भरल्यावर मी पेन घेतलं आणि ती ओळ कुणी लिहिली इथपासून सगळं उतरवलं. कागद भिंतीला टेकवून लिहिला, त्यामुळे अक्षर वाकडं आलं.

मास्तरीणबाईंनी दोन्ही कागद उभ्या उभ्याच वाचले, माझ्या सहीवर थोडा जास्त वेळ थांबल्या. ताईनं विचारलं, "परवाना परत मिळेल ना यावर?"

"बघते," त्या म्हणाल्या. त्यांनी कागदांची घडी घातली, पेन आमच्याकडून परत घेतलं आणि दार लावलं. आत या, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.